रंग नाही म्हणजे नेमकं काय? औषधांच्या मुदती आणि एक्सेल

आमचं औषधांचं दुकान म्हापशात आहे. शुक्रवारी बाजाराला पेडणे, थिवी, डिचोलीकडची माणसं एकदमच येतात. त्या गर्दीत प्रत्येक पट्टी उलटून मुदत वाचत बसायला सवड नसते, ते काम आधीच झालेलं असावं लागतं. अण्णा, म्हणजे माझे सासरे, हे वहीत ठेवायचे. महिन्याला एक पान आणि त्या महिन्यात मुदत संपणारी औषधं त्या पानावर. पद्धत चोख होती. पण आता एकाच गोळीच्या दोन-तीन बॅच शेल्फवर असतात, म्हणून मी यादी एक्सेलवर घेतली. एका बॅचला एक ओळ: नाव, बॅच नंबर, नग आणि डी कॉलममध्ये मुदत. मुदत जवळ आली की ओळ आपोआप रंगावी, एवढंच मला हवं होतं.

होम टॅबवर कंडिशनल फॉरमॅटिंग आहे. त्यात 'अमुकपेक्षा कमी असेल तर रंगव' असे तयार नियम मिळतात, पण औषधांसाठी ते जसेच्या तसे चालत नाहीत. पट्टीवर बहुतेक वेळा नुसता महिना आणि वर्ष असतं, आणि औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत विकता येतं. एक्सेल मात्र 08/2026 टाइप केलं की 1 ऑगस्ट 2026 धरतं. तयार नियम लावला तर 2 तारखेलाच चांगला माल लाल होतो आणि महिनाभर उगाच बाजूला पडतो.

म्हणून न्यू रूलमधला फॉर्म्युल्याचा पर्याय घेतला. ईओमंथ या फंक्शनला तारीख आणि पुढे शून्य दिलं की ते त्या महिन्याची अखेर काढून देतं. ही अखेर टुडे, म्हणजे आजच्या तारखेपेक्षा आधीची असेल तर ओळ लाल. टुडे अधिक 90 च्या आत असेल तर पिवळी, कारण परतीचा माल स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, वेळेत जायला आम्हाला तेवढी मोकळीक लागते. आधी सगळी यादी दुसऱ्या ओळीपासून सिलेक्ट करायची, आणि फॉर्म्युला सिलेक्ट केलेल्यांतल्या पहिल्या, म्हणजे त्या दुसऱ्या ओळीसाठीच लिहायचा. डीच्या आधी डॉलरचं चिन्ह द्यायचं, आकड्याच्या आधी नाही, म्हणजे $D2. मग प्रत्येक ओळ आपापल्या मुदतीकडे बघते आणि नावापासून नगापर्यंत पूर्ण रंगते.

नियमांचा क्रम जपावा लागतो. नवा नियम यादीत सर्वांत वर बसतो. संपलेलं औषधही '90 दिवसांच्या आत' या अटीत बसतंच, त्यामुळे पिवळा नियम नंतर केला तर तो लालला झाकून टाकतो. मॅनेज रूल्समध्ये जाऊन बाणाने लाल वर घ्यायचा.

एवढं झाल्यावर अण्णांना बोलावून दाखवलं. त्यांनी स्क्रीन खालपर्यंत बघितली आणि विचारलं, "पण गे, रंग नाही म्हणजे औषध चांगलं, की मशीनला कळलंच नाही?"

माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच. स्टॉकिस्टच्या फाइलमधून चिकटवलेल्या काही ओळींत मुदत 'एक्स्प. 08/26' अशी होती. आपल्याला ती तारीख दिसते, एक्सेलला तो नुसता मजकूर. फॉर्म्युल्यात एरर येते, आणि एरर आली की कंडिशनल फॉरमॅटिंग काही न बोलता रंग सोडून देतं. उलट रिकाम्या सेलला ते शून्य धरतं, म्हणजे 1900 सालच्या आसपासची तारीख, म्हणून यादीखालच्या कोऱ्या ओळी लालभडक होतात. कोरी लाल ओळ डोळ्यांत भरते. न रंगलेली संपलेली ओळ कुणालाच दिसत नाही, आणि ते औषध गिऱ्हाइकाच्या हातात जाऊ शकतं.

त्यावर मी तिसरा नियम केला: ए कॉलममध्ये नाव आहे, पण डीमध्ये खरी तारीख नाही, तर ओळ जांभळी. तारीख खरी आहे का, हे इझनंबर हे फंक्शन सांगतं, कारण एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे एक आकडाच असतो. लाल आणि पिवळ्या नियमांतही अँड हे फंक्शन (सगळ्या अटी खऱ्या असल्या तरच हो म्हणणारं) लावून खऱ्या तारखेची अट घातली, त्यामुळे कोऱ्या ओळी कोऱ्या राहिल्या. जांभळ्या ओळींतल्या मुदती पट्टी हातात घेऊन नव्याने टाइप केल्या. पट्टीच बघायची, फाइल नाही. या बाबतीत मी हट्टी आहे.

दुसऱ्या फाइलमधून काही आणताना पेस्ट व्हॅल्यूज, म्हणजे नुसती माहिती चिकटवणारा पर्याय, वापरावा. साधं पेस्ट केलं की नियमांचे तुकडे पडतात आणि मधल्याच ओळी त्यांतून सुटतात.

आता आमचा दुकानातला मुलगा सकाळी फाइल उघडून रंगाने फिल्टर लावतो. लाल ओळींचा माल शेल्फवरून काढून वेगळ्या खोक्यात जातो. त्या खोक्यावर 'विक्रीसाठी नाही' असं ठळक लिहिलेलं असतं, कायद्यालाही ते लागतं. पिवळ्यांची यादी छापून स्टॉकिस्टच्या माणसाला देतो. पूर्ण यादी छापली तर ती काळी-पांढरी येते, म्हणून लाल नियमात अक्षरं बोल्डही केली आहेत. जांभळी ओळ दिसली तर तो मला हाक मारतो, "ताई, ही बघा," आणि पट्टी आणून पुढ्यात ठेवतो.