अतुम्पानला हात लावायचा नाही

“बायका अतुम्पानला हात लावत नाहीत,” म्हातारे वादक शांतपणे म्हणाले, आणि माझ्या विद्यार्थिनीचा पुढे गेलेला हात तिथेच थांबला.

दर उन्हाळ्यात मी अमेरिकेतल्या आमच्या विद्यापीठाची बारा-पंधरा मुलं घेऊन सहा आठवडे घानात असते. आधी आक्राजवळ लेगॉनच्या विद्यापीठात वर्ग, मग कुमासी आणि आसपासची गावं, शेवटी केप कोस्ट. हा प्रसंग कुमासीजवळच्या एका गावातला, तिथल्या प्रमुखाच्या वाड्यातला.

अतुम्पान म्हणजे दोन मोठ्या ढोलांची जोडी, तिरपी टेकवून बाकदार काठ्यांनी वाजवायची. एक खर्जातला, तो नर. दुसरा चढ्या आवाजाचा, ती मादी. ही जोडी बोलते. तिथल्या त्वी भाषेत स्वर चढला-उतरला की शब्दाचा अर्थ बदलतो. ‘पापा’ची दोन्ही अक्षरं वर म्हटली तर ‘चांगलं’, पहिलं खाली आणि दुसरं वर म्हटलं तर ‘वडील’, दोन्ही खाली म्हटली तर ‘पंखा’. तोच चढउतार दोन ढोलांवर काढला की वाक्य तयार. सुट्या शब्दाने घोटाळा होईल, म्हणून वादक ठरलेली लांबलचक वाक्यं वाजवतो. मी लहानपणी सांगलीत तबला शिकले. आपणही बोल आधी तोंडाने म्हणतो, पण ‘धिरधिर’ला अर्थ नसतो. इथे ढोल खरोखर काहीतरी सांगतोय, हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

ती मुलगी साउथ कॅरोलिनाची, कृष्णवर्णीय. तिच्या राज्यात १७३९ साली स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला, ढोल वाजवत ते रस्त्याने निघाले. पुढच्याच वर्षी कायदा आला आणि गुलामांच्या ढोलांवर बंदी बसली. अर्जात तिने लिहिलं होतं, ‘आमच्या हातातून काढून घेतलेली गोष्ट मला एकदा हातात धरायची आहे.’

तिने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

‘ही त्यांची परंपरा आहे, समजून घ्या’ हे वाक्य मी वर्गात किती वेळा बोलले असेन. त्या दिवशी ते तोंडातून निघेना. २०१६ साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका चढल्या, तेव्हा मी अमेरिकेतून टाळ्या वाजवल्या होत्या. घरचा नियम मोडावा आणि परक्याचा जपावा, असं कोणत्या तोंडाने सांगणार? कारण विचारलं तर विटाळाचंच निघालं. ते मला नवीन नव्हतं. पण ‘इथे बाईला किंमत नाही’ हेही खरं नव्हतं. कुमासीकडच्या असांते लोकांत वंश आईकडून चालतो, प्रमुख कोण व्हावा हे नाव राजमाता, म्हणजे ओहेमा, सुचवते. असांतेंचं पवित्र सुवर्णासन मागणाऱ्या इंग्रजांविरुद्ध १९०० सालची लढाई लढवली ती जवळच्याच एजिसूच्या राजमातेने, याआ असांतेवाने.

मी म्हटलं, “बाबा, तुमच्या अंगणात तुमचा नियम पाळू. मला तो पटत नाही. पण ही इथवर का आली, ते तिच्याच तोंडून ऐका.”

ती बोलली. स्टोनोचं, कायद्याचं, आजीचं. लेगॉनहून सोबत आलेला आमचा सहायक एकेक वाक्य त्वीत सांगत गेला आणि मध्येच त्याचाच आवाज अडकला. म्हातारे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “लेगॉनला मुली वाजवतात, मला माहीत आहे. ते ढोल विद्यापीठाचे. हे पूर्वजांचे.” आणि त्यांनी तिला शेजारच्या स्टुलावर बसवलं.

एक वाक्य ते वाजवायचे, मग तोंडाने म्हणायचे, मग तिच्याकडून म्हणून घ्यायचे. चुकली की पुन्हा. तासभर चाललं होतं. आमचे गुरुजी असेच बोल पाठ करून घेत. बायाँला हात लावू द्यायच्या आधी कितीतरी दिवस. पहिलं वाक्य होतं ‘घाना, मुन्तिए’, म्हणजे ‘घाना, ऐका’. सरकारी रेडिओवर बातम्यांआधी अतुम्पानवर वाजत आलेलं.

परतीच्या बसमध्ये ती माझ्याशी बोलली नाही. मीही समजूत काढली नाही. तिचा राग खरा होता आणि तो तिचाच राहायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे ठकठक आवाजाने जाग आली. गेस्टहाउसच्या मागच्या अंगणात तिने दोन प्लास्टिकच्या बादल्या पालथ्या घातल्या होत्या, एक मोठी, एक छोटी, आणि लाकडाच्या दोन ढलप्यांनी तेच वाक्य काढत बसली होती. स्वयंपाकघरातून आमच्या मावशी डाव हातात घेऊनच बाहेर आल्या. जरा वेळ ऐकलं.

“असं नाही, पोरी,” म्हणाल्या. डाव भिंतीला टेकवला, तिच्या हातातून ढलप्या घेतल्या, आणि ‘घाना, मुन्तिए’ लख्ख वाजवून दाखवलं.