डाळीचं गणित

आज मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, नव्या तुरीची आवक बघितली. येळवस (मार्गशीर्षातली वेळ अमावस्या) झाली की माल वाढत जातो. वर्षाची डाळ भरायची तर हेच दिवस, श्रावणात किराणा दुकानात जाऊन घासाघीस करण्यात काही अर्थ नाही.

क्विंटलभर तुरीची गिरणीवर साधारण ७० किलो डाळ पडते. तुरीचा भाव अधिक भरडाई अधिक ऑटोभाडं, भागिले ७०. हा आकडा दुकानातल्या किलोच्या भावापेक्षा कमी आला तरच घ्या. दोघा-तिघांत मिळून क्विंटल घेतलं तरी चालतं. चुनी, म्हणजे भरडताना निघणारा चुरा, गिरणीवाल्याला सोडू नका; ते जनावराचं खाद्य. घरी म्हैस नसली तर शेजारी आनंदानं विकत घेतात.

घेताना दाणा दाताखाली धरा. कट्‌ वाजून फुटला तर वाळलेला, नुसता दबला तर ओल आहे. ओल्या तुरीचं दुहेरी नुकसान: पैसे पाण्याच्या वजनाचे भरता, आणि पुढं बुरशी. तूर अख्खी ठेवूनही देऊ नका. भुंग्याची अंडी कधी कधी शेतातूनच येतात, अळी दाण्याच्या पोटात वाढते. लवकर भरडा, डाळीला दोन-तीन कडक उन्हं द्या, किलोला चमचाभर एरंडेल चोळा आणि गार झाल्यावरच कोठीत भरा. गरम भरली की आत घाम धरते.

तेलाचं सोपं आहे: पिशवीवरचे ग्रॅम वाचा. लिटर म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. ८५० ची पिशवी स्वस्त दिसते, असतेच असं नाही.

वाचलेले पैसे मात्र त्याच दिवशी पोस्टाच्या आरडीत टाका. महिना १०० रुपयांपासून सुरू होते, पाच वर्षांचे ६० हप्ते. पोरीच्या कॉलेजची फी नाहीतर बोअरची मोटार, ज्याचं त्यानं ठरवावं.