काउंट चांगला, मग अडलंय कुठे? माझा अनुभव

लागोपाठ गर्भपात झाले तेव्हा डॉक्टरांनी मला डीएनए फ्रॅगमेंटेशनची, म्हणजे शुक्रजंतूंमधला डीएनए किती तुटलाय ते बघायची, टेस्ट लिहून दिली. हिच्या तपासण्या त्याआधी वर्षभर चालू होत्या. माझा नंबर शेवटी का लागला, ते विचारू नका.

चिपळूणच्या कलेक्शन सेंटरवर चिठ्ठी दिली. काउंटरवरच्या मॅडमना कॉम्प्युटरमध्ये टेस्टचं नाव सापडेना. त्यांनी सरळ साध्या वीर्यतपासणीची पावती फाडली. "त्यात सगळं येतं, दादा." नाही येत! संख्या, हालचाल, आकार एवढंच येतं. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला. मी पुन्हा काउंटरवर, तर भर रांगेत मोठ्याने, "काउंट चांगलाय की, आता कशाला?" डॉक्टरांना फोन लावून दिला, तर मॅडम त्यांनाच म्हणे टेस्टचा कोड सांगा. मुंबईच्या मेन लॅबला विचारा म्हटलं, तर तिकडे जेवणाची सुट्टी, मग शनिवार-रविवार. शेवटी लॅबच्या वेबसाइटवरून कोड मीच शोधला आणि चिठ्ठीच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दिला. तुम्ही घरूनच लिहून न्या.

काउंटला चिकटून बसलेल्यांसाठी सांगतो. शुक्रजंतू घडताना डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, ती बहुतेक निघून जातात. त्यांच्या जागी आधी ट्रान्झिशन प्रथिनं आणि मग डीएनए घट्ट आवळणारी प्रोटामिन नावाची प्रथिनं बसतात. माणसात साधारण ५ ते १५ टक्के हिस्टोनच मागे उरतात. या अदलाबदलीत डीएनएला तात्पुरते काप पडतात आणि ते पुन्हा जोडावे लागतात. जोडायचे राहिले, तरी शुक्रजंतू झकास पोहतो, काउंटही भरतो, आतला धागा मात्र तुटका. शिवाय डीएनए असा आवळला की जनुकांचं वाचन बंद पडतं. म्हणून प्रोटामिनसाठी लागणारे आरएनए संदेश (प्रथिन बनवायच्या सूचना) आधीच तयार करून राखून ठेवलेले असतात, आपण पावसाआधी आगोट भरतो तसे.

तापाचंही बघा. मला लावणीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) झाला होता. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात आणि पुढे पक्व व्हायला आणखी काही, म्हणून मोठ्या तापानंतर टेस्टसाठी तीन महिने थांबायला सांगतात. फॉर्मवर तापाचा रकानाच नाही, मी समासात पेनाने लिहिलं.

नमुना तासाभरात पोचायला हवा. आम्ही दाभोळचे; धोपाव्याची फेरीबोट धरून चिपळूण गाठेपर्यंत तास कधीच उलटतो. त्यामुळे तिथेच द्यावा लागतो. बाथरूमची कडी लागते का, ते आधी बघा. आणि हो, आधीच्या वीर्यस्खलनापासून नमुना देईपर्यंत २ ते ७ दिवसांचं अंतर लागतं. पुढच्या वेळीही तितकंच ठेवा, नाहीतर दोन रिपोर्ट ताडून बघता येत नाहीत.

माझा डीएफआय, म्हणजे तुटक्या डीएनएच्या शुक्रजंतूंचा टक्का, २२ आला. आमच्या लॅबच्या हिशेबाने १५च्या खाली चांगला, ३०च्या वर वाईट, म्हणजे मी मधला. तंबाखू बंद, तीन महिन्यांनी परत टेस्ट. नको असलेल्या पहिल्या टेस्टचे पैसे परत मागितले, तर "मॅनेजर असतील तेव्हा या." मॅनेजर कधी असतात, ते काउंटरवर कुणालाच ठाऊक नाही.