राऊटरचं ते पान एकदा उघडून बघाच

परवा रात्री सहज राऊटरचं सेटिंगचं पान उघडलं, म्हणजे ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, आणि यूपीएनपीच्या (घरातल्या डिव्हाइसना राऊटरमधून आपोआप वाट उघडून घेऊ देणारी सोय) यादीत ८०८० नंबरचा पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायचा दरवाजा, उघडा दिसला. मी तर काहीच उघडलं नव्हतं! शोधाशोध केल्यावर कळलं, घरातल्या कॅमेऱ्यानेच राऊटरला सांगून तो परस्पर उघडून घेतलेला, म्हणजे कॅमेऱ्याचं लॉगिनचं पान बाहेरच्या कोणालाही दिसत होतं. धस्सच झालं.

एरवी राऊटर मोठं काम करतो हो. घरातल्या सगळ्या मशीनना तो आतले खाजगी पत्ते देतो, बाहेर दिसतो फक्त त्याचा एक. आपण साईट उघडली की तो नोंद ठेवतो आणि आलेलं उत्तर बरोबर त्याच मशीनला पोचवतो, पण न बोलावता कोणी आलं तर ते कोणाकडे द्यायचं याची नोंदच नसते, मग दारातच टाकून देतो. यालाच नॅट म्हणतात. २००३ मध्ये ब्लास्टर वर्म (नेटवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) आला तेव्हा ज्यांचं विंडोज एक्सपी थेट मोडेमला जोडलेलं होतं त्यांना, कुठे क्लिकही न करता, ६० सेकंदांत मशीन बंद होणार अशी खिडकी यायची. तो पोर्ट १३५ वरून शिरायचा, आणि राऊटरमागच्या मशीनचा तो पोर्ट बाहेरून दिसायचाच नाही.

पण राखणदारच फितूर झाला तर? २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने तेच केलं, नेटवर कॅमेरे नि राऊटर शोधायचे आणि कंपनीतून आलेले युजरनेम-पासवर्ड टाकून बघायचे, जेमतेम साठेक जोड्या, तेवढ्यावर लाखो डिव्हाइस हाताशी लागले. म्हणून ॲडमिन पासवर्ड बदला, वायफायचा नव्हे, त्या सेटिंगच्या पानाचा (बरेच जण दोन्ही एकच समजतात). फर्मवेअर (राऊटरचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून ते सेटिंगचं पान उघडायची सोय) आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद. यूपीएनपी पण बंदच ठेवा असं माझं ठाम मत आहे, एखादा गेम अडला तर तेवढाच पोर्ट हाताने उघडा.

आणि मेलमधली फाईल आपणच उघडली तर राऊटर काय करणार, ती आपणच आत बोलावलेली असते, तेव्हा कॉम्प्युटरचं फायरवॉल आणि अपडेट चालूच हवेत.

मी यूपीएनपी बंद केलं, राऊटर रीस्टार्ट केला, कॅमेरा गेस्ट नेटवर्कवर टाकला म्हणजे त्याला घरातले कॉम्प्युटर दिसायलाच नकोत. मोबाईलवर कॅमेरा अजूनही व्यवस्थित दिसतो. म्हणजे तो पोर्ट लागतच नव्हता!