'सेंट क्लाउड' परत लावलाय

दुपारपासून वॅक्सहॅचीचा 'सेंट क्लाउड' हा अल्बम चालूय आणि बंद करावासाच वाटत नाहीये. वॅक्सहॅची म्हणजे अमेरिकन गायिका केटी क्रचफिल्ड, अलाबामातल्या बर्मिंगहॅमची, अलाबामातल्याच एका ओढ्याचं नाव तिने स्टेजसाठी घेतलंय. आधीचा 'आउट इन द स्टॉर्म' (२०१७) म्हणजे गिटारचा नुसता दणका, तोही मला आवडतोच, पण मग तिने दारू सोडली आणि २७ मार्च २०२० ला हा आला, सगळे घरात अडकले होते तेव्हा. कव्हरवर गुलाबांनी भरलेला जुना ट्रक आणि निळ्या ड्रेसमधे ती. गिटार आहेत पण मागे सरकलेत, आवाज एकदम पुढे, आणि दक्षिणेकडचा तो हेल ती आता लपवत नाही, मला तर तेच सगळ्यात भारी वाटतं.

'फायर' या गाण्यावर मी दरवेळी अडकते. मेम्फिसहून मिसिसिपीवरचा पूल ओलांडताना पाण्यावर ऊन पडलेलं, त्यात पलीकडचं वेस्ट मेम्फिस नुसतं झळाळत होतं, तिथे गाडीतच हे सुचलं असं तिने सांगितलंय. सुरुवातीलाच ती इतक्या वरच्या पट्टीत गाते की आता आवाज फाटतोय की काय असं होतं, खाली कीबोर्ड तेवढा धडधडत असतो. ऐकताना प्रेमाचं गाणं वाटतं पण ती बोलतेय स्वतःशीच, की बाई तुझ्यात खोट आहे, मला माहितीये, तरी मी तुझ्यासोबत आहे.

हे ऐकलं की दादा आठवतो. त्याने दारू सोडून बराच काळ झाला, पण घरात अजून कोणी मोकळेपणाने बोलत नाही, लग्नाकार्यात कोणीतरी हमखास आग्रह करतं, एकच घे रे, काय होतंय, आणि तो नुसता हसून बाजूला होतो. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे असतं ना ते या अल्बममधे आहे. रडणं नाही, मी जिंकलो वगैरेपण नाही. दुःखात असतानाच कलाकार चांगलं लिहितो असं लोक फार सहज बोलतात, मला ते अजिबात पटत नाही, तिचं सगळ्यात नेमकं लिखाण दारू सोडल्यावरचं आहे.

'लायलॅक्स' आणि 'हेल' ही गाणी लगेच तोंडात बसतात. 'आर्केडेल्फिया'ला मात्र वेळ द्यावा लागतो, बर्मिंगहॅममधल्या एका रस्त्याचं नाव आहे ते, आणि त्यातली काळजी जवळच्या माणसाबद्दलची आहे हे कळल्यावर मी ते गाणं कामं करताकरता ऐकणं सोडलं. शेवटचं गाणं 'सेंट क्लाउड' तिच्या वडिलांच्या फ्लोरिडातल्या गावावरून, जवळजवळ रिकामं, इतकं कमी वाजवायला धाडस लागतं.

२०२४ चा 'टायगर्स ब्लड'पण सुंदरच आहे पण माझा जीव यातच. आत्ता दादाला 'फायर'ची लिंक पाठवली, खाली काहीच लिहिलं नाही, त्याला इंग्रजी गाण्यांचा कंटाळा येतो तरी पाठवली.