पुठ्ठ्याला भोक

तोंडी परीक्षा असली की आमच्या कॉलेजात गिरणीच्या पाळीसारखं काम चालतं. डिप्लोमाची साठ पोरं, बाहेरून आलेले परीक्षक एकच, आणि त्यांची परतीची गाडी साडेचारची. त्यात एप्रिलमधलं सोलापूर. पंखा नुसती गरम हवा ढकलत होता.

सतरावा की अठरावा मुलगा आत आला. शहराच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आमच्याकडे आल्यावर इंग्रजी. परीक्षकांनी विचारलं, बायनरी म्हणजे काय? त्यानं गाइडमधली व्याख्या एका दमात म्हणून दाखवली. साहेब खूश, पेन कागदावर टेकलंसुद्धा. मला राहवलं नाही. म्हटलं, "आता मराठीत सांग." पोरगा फरशीकडे बघायला लागला.

घोकंपट्टी इंग्रजांनी आणली असं म्हणायची आपल्याला सवय आहे. खोटं आहे ते. वेदपाठशाळेत, शब्द उलटसुलट फिरवून म्हणायच्या घनपाठापर्यंत, सगळं पाठांतरच. पण त्याच परंपरेत यास्कानं निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांचे अर्थ उकलणाऱ्या ग्रंथात, स्पष्ट म्हटलंय, वेद शिकून ज्याला अर्थ कळत नाही तो नुसता ओझं वाहणारा खांब. आमच्या मार्कलिस्टात खांबाला पंचवीसपैकी बावीस पडतात, आणि ते देणाऱ्यांत मीही आहे.

सहज विचारलं, "घरी काय करतात?"

"जेकार्ड मागावर चादरी, सर. पुठ्ठे लावायला मी असतो."

"मग चादरीवर फूल कसं उठतं?"

आणि पोरगा बोलायला लागला. पुठ्ठ्याला भोक असलं की सुई आत शिरते, हुक जागेवर राहतो, वर उचलला जातो, त्याच्याबरोबर ताण्याचा, म्हणजे उभा धागा. भोक नसलं की सुई मागं ढकलली जाते, हुक सुटतो, धागा खालीच. एक पुठ्ठा चुकला की फुलाची पाकळी तुटते, मग वडिलांच्या शिव्या. हातवारे करून सांगत होता; घड्याळाकडं बघायचं साहेबही विसरले.

"अरे, भोक म्हणजे एक, कोरं म्हणजे शून्य. हेच की बायनरी!" मी म्हटलं. जॅकार्ड नावाच्या फ्रेंच माणसाचा हा माग, तुमचा जेकार्ड, १८०४चा. पुढं बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं आपल्या गणनयंत्रासाठी असलेच पुठ्ठे वापरायचं ठरवलं होतं, तेही सांगून टाकलं. अभ्यासक्रमात हे कुठंच नाही. तसं जुन्या पाठशाळेतही मागावरचं ज्ञान कुणी ज्ञान म्हणून मोजलं असतं, याची मला खात्री नाही.

पोरगा हसला. मग हळूच म्हणाला, "सर, पेपरात असं लिहिलं तर मार्क पडतात का?"

मी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी पुढच्याला बोलवा म्हणून खूण केली.

पुढचा दाराला कान लावूनच उभा असावा. बायनरी विचारायच्या आत सुरू झाला, "सर, पुठ्ठ्याला भोक असलं की एक, नसलं की शून्य."

"कसला पुठ्ठा रे?" मी विचारलं.

"ते नाही माहीत, सर."