तुम्ही विचारलंत म्हणून: बिझनेस क्लास कोणाचा चांगला?

लांबच्या प्रवासाचं तिकीट काढायची वेळ आली की ओळखीतल्या कोणाचा तरी फोन येतोच. प्रश्न ठरलेला: "बिझनेस क्लास सगळ्यात चांगला कोणाचा? सिंगापूर, कतार की एमिरेट्स?" कोणी त्यात कॅथे पॅसिफिक घालतं, कोणी तुर्किश. प्रश्न एका ओळीचा असतो, पण माझं उत्तर फोनवर कधीच पुरं होत नाही. म्हणून या वेळी बसून सगळं लिहून काढते आहे.

आधी माझी गरज काय ते सांगते, म्हणजे माझं मत किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. १२ वर्षांपूर्वी माझ्या कमरेतली मणक्याची गादी सरकली. फिरतीचं काम सोडणं शक्य नव्हतं आणि दहा-दहा तास सलग बसणं डॉक्टरांनी बंद केलं. तेव्हापासून रात्रीच्या लांब प्रवासाला ऑफिस मला बिझनेस क्लासचं तिकीट देतं. मला तिथे झोप हवी असते. उतरल्यावर सरळ उभं राहता आलं का, पट्ट्यावरून स्वतःची बॅग स्वतः उचलता आली का, यावर मी कंपनीला गुण देते. बाकीचं सगळं त्यानंतर.

या १२ वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. कंपनीच्या नावाआधी विमान कोणतं आणि त्यात सीट कोणती, हे विचारायला हवं. एमिरेट्सचंच घ्या. एअरबसच्या दुमजली ए३८०च्या वरच्या मजल्यावर बिझनेस क्लासची रांग १-२-१ अशी (एका खिडकीशी एक सीट, मध्ये दोन, दुसऱ्या खिडकीशी एक), म्हणजे प्रत्येकाला उठून थेट वाटेवर येता येतं. त्याच कंपनीच्या जुन्या मांडणीच्या बोईंग ७७७ मध्ये रांग २-३-२ अशी. मधल्या सीटवरच्या माणसाला रात्री उठायचं तर शेजाऱ्याला ओलांडणं आलं. तिकिटावर दोन्हीकडे तेच दोन शब्द छापलेले.

ब्रिटिश एअरवेजची गोष्ट तर मी सगळ्यांनाच सांगते. बिझनेस क्लासमध्ये पूर्ण आडवी होणारी सीट त्यांनी २००० साली आणली आणि बाकीच्या कंपन्यांना धावत मागे यावं लागलं. त्याआधी बिझनेस क्लासमध्ये नुसती मागे कलणारी सीट असायची, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं बऱ्याच कंपन्यांची 'झोपायची' म्हणवणारी सीट साधारण घसरगुंडीसारखी तिरकी असायची. पाय खाली, डोकं वर आणि रात्रभर माणूस हळूहळू खाली सरकतोय. त्या दृष्टीने ते मोठंच पाऊल होतं. पण त्या मांडणीत अर्ध्या सीटांची तोंडं मागे होती, आणि खिडकीजवळच्या बऱ्याच सीटांवरून बाहेर यायचं तर झोपलेल्या शेजाऱ्याच्या पायांवरून ढेंग टाकावी लागे. कंबर दुखत असताना अंधारात ती ढेंग टाकणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. २०१९ मध्ये त्यांनी स्वतःचं छोटं सरकतं दार असलेली नवी सीट आणली, तीही सगळ्या विमानांत एकदम नाही. त्यामुळे 'ब्रिटिश एअरवेज कशी आहे' या प्रश्नाची कितीतरी वर्षं दोन खरी उत्तरं होती. लुफ्तान्साचंही तसंच: जुन्या २-२-२ मांडणीत शेजाऱ्यांचे पाय एकमेकांजवळ येतात, आणि २०२४ पासून आलेल्या अलेग्रिस नावाच्या नव्या मांडणीत सगळंच वेगळं.

दुसरी गोष्ट फार लोकांना माहीत नसते. सीट विमान कंपनी बनवत नाही. साफ्रान, कॉलिन्स, रेकारो अशा मोजक्या उत्पादकांकडून ती येते. सिरस नावाची एक सीट आहे, खिडकीकडे तोंड करून तिरकी बसवलेली. कॅथे पॅसिफिक, तैवानची एव्हा एअर, एअर फ्रान्स, अमेरिकन एअरलाइन्स, सगळ्यांनी ती घेतली. एकमेकांचे कट्टर स्पर्धक आणि तुम्ही आडवे होता तो सांगाडा एकच! मग फरक कुठे पडतो? वरच्या गादीत, उशीत, कापडात, आणि सगळ्यात जास्त देखभालीत. दहा वर्षं रोज वापरलेल्या सीटचा फोम दबतो, आणि कुठे दबलाय ते माझ्या कमरेला पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

आता पायांबद्दल. सीटची रुंदी जाहिरातीत असते, पण पाय जिथे जातात ती खोबण जाहिरातीत कधी दिसत नाही. आजच्या बहुतेक सीटांमध्ये पाय पुढच्या माणसाच्या बाजूच्या टेबलाखाली एका खोबणीत जातात. ती अरुंद असली तर पाय सरळ ठेवून उताणंच झोपावं लागतं. कुशीवर वळलं की गुडघा अडतो. कमरेचं दुखणं असलेल्या माणसाला कुशीवर वळता आलंच पाहिजे. म्हणून मी शक्यतो भिंतीलगतची पहिली रांग मागते. तिथे पुढे सीट नसल्यामुळे खोबण बहुधा मोठी असते. किती लोकांना हे सांगितलं असेल, आणि प्रत्येकाने परत येऊन आभार मानलेत.

सिंगापूर एअरलाइन्सच्या ७७७-३००ईआरमधली २०१३ सालची सीट याच कारणासाठी माझ्या यादीत खाली आहे. बसायला ती उत्तम, सोफ्यासारखी ऐसपैस. पण झोपायचं तर आधी उठून उभं राहायचं, सीटची पाठ पुढे पाडून गादी उलटायची (क्रू हे आनंदाने करून देतात), आणि मग शरीर तिरकं ठेवून पाय कोपऱ्यात घालायचे. मध्येच जाग आली आणि थोडं टेकून बसावंसं वाटलं तर सगळं पुन्हा मोडा. ज्यांची पाठ शाबूत आहे त्यांना यात काही त्रास वाटणार नाही. मला वाटतो.

झोपेसाठी आजवर मला सगळ्यात जास्त आवडली ती कतारची क्यूस्वीट. २०१७ मध्ये ती आली. दार आहे, मधल्या काही शेजारच्या सीटांचा डबल बेड होतो, आणि चौघांना समोरासमोर बसायचं तर मधल्या आडोशाच्या फळ्या सरकवून खोलीसारखी जागा करता येते. पण माझं मन जिंकलं ते सपाट, सलग, सांधे न टोचणाऱ्या गादीने. तिच्या जोडीला मी जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेज, म्हणजे एएनएच्या 'द रूम' या सीटला बसवीन. २०१९ पासून काही ७७७-३००ईआर विमानांत ती आहे, आणि तिथे गुडघे पोटाशी घेऊन झोपता येतं. दोन्हींची अट एकच: तुमच्या विमानात ती खरोखर असली पाहिजे. कतारच्या सगळ्या विमानांत क्यूस्वीट नाही.

दाराबद्दल सारखं विचारलं जातं. दार आवाज अडवत नाही. ते छतापर्यंत नसतं, आणि विमान उडताना-उतरताना उघडंच ठेवावं लागतं. झोप लागायला त्याचा फारसा उपयोग होत नाही. तरीही मला ते हवं असतं. अनोळखी माणसं येता-जाता बघत असताना बाईला गाढ झोप लागणं किती कठीण असतं, हे बायकांना सांगायला नको.

आणि विमानातली हवा! तिच्याबद्दल कोणीच विचारत नाही, म्हणून मीच सांगते. बोईंग ७८७ आणि एअरबस ए३५० या नव्या विमानांचा सांगाडा मुख्यतः कार्बन फायबरचा आहे. त्यामुळे आतला हवेचा दाब सुमारे ६,००० फूट उंचीवर असतो तेवढा राखता येतो. जुन्या विमानांत तो ८,००० फुटांपर्यंतच्या उंचीएवढा असू शकतो. आर्द्रताही थोडी जास्त ठेवता येते. उतरताना डोकं जड नसतं, घसा कोरडा पडत नाही. सीट साधारण पण विमान ए३५०, आणि सीट चांगली पण विमान जुनं, अशी निवड असेल तर मी बरेचदा ए३५० घेते. ए३८०चं कौतुक वेगळ्या कारणासाठी: ते शांत असतं, आणि एमिरेट्समध्ये वरच्या मजल्याच्या मागच्या टोकाला बार आहे. मी तिथे पाणी घेऊन अर्धा तास नुसती उभी राहते. उभं राहायला हक्काची जागा विमानात आणखी कुठे मिळते? मात्र झोपायची सीट त्या बारपासून लांब, पुढच्या बाजूला घ्या.

जेवणाबद्दल थोडक्यात. कोरडी हवा आणि सततची घरघर यांमुळे वर चव मंदावते, त्यामुळे खालच्या हॉटेलाशी तुलना करण्यात अर्थ नाही. सिंगापूरमध्ये पदार्थ निघण्याआधी निवडून ठेवता येतो, तुर्किशमध्ये पांढरी टोपी घातलेला शेफ येऊन विचारतो. कतारमध्ये हवं तेव्हा मागता येतं, आणि मला तेच सगळ्यात सोयीचं. चढल्याबरोबर झोपायचं, उठल्यावर खायचं.

सेवेत मात्र मी सिंगापूरला वर ठेवते, अगदी निःशंकपणे. नियमाप्रमाणे ५० सीटांमागे किमान एक क्रू लागतो, तो सुरक्षेसाठी. त्यापुढे माणसं किती नेमायची आणि त्यांना काय शिकवायचं, हे कंपनी ठरवते. सिंगापूरमध्ये नव्या क्रूचं प्रशिक्षण तीन महिन्यांहून जास्त चालतं, आणि ते जाणवतं. वाकून, तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोलतात. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

सेवा म्हणजे काय, हे मला दोन रात्रींनी शिकवलं. एका कंपनीच्या विमानात माझी सीट अर्ध्यावर अडकली. क्रूमधल्या एकाने दोनदा वीज बंद-चालू केली, सीट हलली नाही, आणि मग तो परत फिरकलाच नाही. मी नऊ तास अर्धवट टेकून काढले, आणि उतरताना दुसऱ्याच कोणी माझी बॅग धरली. अशा सीटला बहुधा हाताने सोडायचा खटका असतो, हे मला नंतर कळलं. तुम्ही तो लगेच मागा, आणि जमलं नाही तर सीट बदलून मागा, गप्प बसू नका.

दुसरी रात्र वेगळ्या कंपनीची. मी उशी कमरेखाली सरकवत होते. तिथून जाणारी मुलगी थांबली, गेली, आणि एक ब्लँकेट घट्ट गुंडाळून घेऊन आली. "पाठीखाली की गुडघ्यांखाली?" तिने एवढंच विचारलं. गुडघ्यांखाली घेतलं की कमरेवरचा ताण उतरतो, हे तिला कसं माहीत होतं कोण जाणे. पहाटे तिची ड्यूटी संपून दुसरी मुलगी आली, तर ती येतानाच दुसरं गुंडाळलेलं ब्लँकेट घेऊन आली. मला काही सांगावंच लागलं नाही. त्या विमानाची सीट जुनी होती, दार नव्हतं, पडदा छोटा होता, आणि तरी त्या कंपनीने मी पुन्हा गेले आहे, तीन वेळा.

तर तुमच्या प्रवासाचं. तिकीट घेण्याआधी विमानाचा प्रकार बघा, सीट मॅपवर १-२-१ आहे का बघा, आणि निघायच्या आठवडाभर आधी पुन्हा बघा, कारण विमान बदलतं. सीट मॅप वाचायला जमलं नाही तर फ्लाइट नंबर आणि तारीख मला पाठवा. कोणती रांग घ्यायची ते मी बघून सांगते.